चाकाला दगड

ब्याऐंशी सालची गोष्ट. घाटात उभ्या गाडीतलं डिझेल चोरीला जायचं, म्हणून महिपतने आपला ट्रक हातखंब्याच्या सड्यावर, जनीच्या चहाच्या टपरीसमोर लावला. जागा तळहातासारखी सपाट. तरी शेजारच्या प्रत्येक ट्रकच्या चाकाला जांभ्याचा दगड लावलेला.

"चाकाला दगड लावा हो," जनी म्हणाली.

"इथे उतार कुठाय, मावशी?"

"उतारासाठी नाय सांगत."

महिपत हसला आणि केबिनमध्ये आडवा झाला.

डोळा उघडला तेव्हा टपरीवरचा कंदील हळूहळू लांब जात होता. शेजारचे ट्रकही. त्याने ब्रेकवर पाय रोवला. काही उपयोग होईना. तशीच खाली उडी मारून त्याने हाताला लागला तो दगड चाकाखाली सारला.

चाक फिरतच नव्हतं.

महिपत जमिनीवर उभा होता, आणि कंदील अजून लांब चालला होता.