चाळीस आगपेट्या

१९६१ साल. आरोग्यशिक्षणाच्या पदविकेसाठी मला महागावजवळच्या एका बंजारा तांड्यावर जंतांची पाहणी करायची होती. चाळीस घरं, दर घरातल्या एका माणसाची विष्ठा, एकेका रिकाम्या आगपेटीत. वर्गात हे शिकताना काही वाटलं नव्हतं. पण घरोघर जाऊन मागायची म्हटल्यावर शिसारी आली. सगळ्या पेट्या मी तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, पूनमसिंग याच्या ओट्यावर ठेवल्या, "आठ दिवसांत भरून ठेवा" म्हणालो आणि नाकाला रुमाल लावून सटकलो.

तपासणीत चाळीसच्या चाळीस पेट्यांत जंत निघाले. 'अस्वच्छता या लोकांच्या रक्तातच आहे,' असं मी अहवालात ठोकून दिलं आणि पहिला वर्ग मिळवला.

महिन्याभराने चाळीस जणांच्या गोळ्या घेऊन तांड्यावर गेलो. त्या पाहून नायक चक्रावलाच.



"साहेब, तांड्याकडून सरकारले काईबी द्याचं असलं त नायकच देते. पेट्या म्या एकट्यानंच भरल्या, पुरे आठ दिवस लागले. आता चाळीस जणाच्या गोळ्याबी मलेच खा लागतीन काय?"