कडूबाईच्या नावानं

महारुद्रनं दुसरी घागर अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावर ओतली आणि दात कडकड वाजत असतानाच ओरडला, "कडूबाई!"

आडावरच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. शेजारची धुरपदाबाई तर दोर तसाच धरून बघत राहिली. रोजचंच झालं होतं हे. आडातलं ताजं पाणी थंडीत कोमट निघतं, म्हणून हा बहाद्दर मुद्दाम गुरांच्या हौदातलं, रात्रभर गारठलेलं पाणी घ्यायचा. ऊन पाण्याला काय धाड भरली होती, ते त्याचं त्याला ठाऊक. बायको माहेरपणाला गेलीय, एवढंच त्यानं बेंबळी गावात सगळ्यांना सांगितलं होतं.

तिसरी घागर बुडवायला तो वाकला, तोच मागून आवाज आला.

"थांबा, जावईबापू."

सासरा उभा होता, नळदुर्गाकडचा धोंडीबा. सकाळच्या एस.टी.नं उतरून तसाच आडावर आला होता. महारुद्र घागर सोडून पाया पडायला गेला, तसा म्हातारा दोन पावलं मागं सरला.

"माझी लेक मेली का?"

"मामा! असं अभद्र काय बोलता?"

"मग तिच्या नावानं आंघोळ कशापायी करताय? काल बाजारात तुमच्या गावचा माणूस भेटला. म्हणला, जावई रोज कापडानिशी गार पाण्यानं न्हातोय आन् लेकीचं नाव घेतोय. तवापासनं तिच्या आईनं चूल पेटवली न्हाय. आधीची चार लेकरं मातीत घातली आमी. ही तरी जगावी म्हणून कडू नाव ठिवलं. आन् तुमी तिच्या नावानं पाणी वतता? टाकायची असंल तर तोंडानं सांगा की!"

महारुद्रच्या डोक्यात आता कुठं उजेड पडला. घरातलं माणूस गेल्याची खबर आली की कपड्यांसकट गार पाण्यानं न्हायचं, आणि जित्या माणसाशी कायमचं तोडायचं असलं तरी त्याच्या नावानं तशीच आंघोळ करायची, ही रीत त्याला माहीत नव्हती थोडीच! पण सल्ला पडला खाजामियाँ शिंप्याचा. तो म्हणाला होता, "गुस्सा आग हय भाई, ठंडे पानी से बुझता. रोज सवेरे नहाव, जिसके वास्ते सुधरना हय उसका नाम लेव." खाजामियाँला ही रीत कुठून ठाऊक असणार? आणि ह्या खुळ्यानं, बायका आहेत म्हणून, कपडेही अंगावरच ठेवले.

"तसं न्हाय, मामा. घरी चला. घरी सांगतो समदं."

"घरी न्हाय. जिथं आंघोळ केली तिथंच सांगा."

नवस बोललोय म्हणावं, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. खपलंही असतं. पण म्हाताऱ्याचे डोळे रात्रभर जागून लाल झाले होते, आणि त्या डोळ्यांपुढं त्याला खोटं बोलवेना.

"माझा हात उठतो, मामा," तो म्हणाला.

"कुणावर?"

"तिच्यावर. कालवणात मीठ कमी पडलं, उठतो. वैरण सांडली, उठतो. मागनं मलाच वंगाळ वाटतं, पर तवर मारून झालेलं असतं. ही खोड मोडावी म्हणून पाणी घेतो. ती माघारी यावी म्हणून नाव घेतो."

महारुद्रची मान छातीला टेकली. अशी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. अंगाला झोंबणारा वाराही त्याला कळत नव्हता.

धोंडीबाचा आवाज उतरला. "ती तर म्हणली, म्हशीनं मान झटकली, तोंडाला शिंग लागलं. तिच्या आईनं त्या म्हशीला सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या."

महारुद्र ओल्या सदऱ्याचं टोक पिळत राहिला.

"मग? मोडली का खोड?"

"व्हय मामा!" त्यानं झटक्यात मान वर केली. "आईच्यान सांगतो, ती गेल्यापासनं येकदाबी हात उठला न्हाय."

"अरं, पर घरात हाय कोण तुझ्या, मार खायला?" धुरपदाबाई बोलली.

एक पोरगी फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. महारुद्र मात्र तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढ्या घागरी ओतल्या, छाती गारठून गेली, आणि रोज घरी जाताना आपण सुधारलो म्हणून तो खूश होत होता.

धोंडीबानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"ती माझ्या मागं लागलीय, सासरी धाडा म्हणून. तुमी तिला टाकली न्हाय, येवढं तरी कळलं. आता तुमीच सांगा, जावईबापू. येत्या बाजारी आणून घालू का तिला?"

ह्याच एका शब्दासाठी महारुद्र रोज कुडकुडत होता. हो म्हटलं की झालं असतं. बायका कान देऊन उभ्या होत्या.

"नका आणू, मामा. इतक्यात नका. माझा मलाच भरवसा न्हाय."

काखेतलं गाठोडं सावरत म्हातारा रस्त्याकडं वळला.

"हे तुला आधी उमगलं असतं," तो म्हणाला, "तर पोरीचा पुढचा दात राह्यला असता."