वीस जागा

अकरा वाजता माधवीचा फोन तिसऱ्यांदा वाजला.

"मॅडम, पुन्हा जागा नाई म्हणते," वरच्या मजल्यावरून प्रेरणा बोलत होती. "मले बाराच्या आत नकाशा द्याचा आहे."

"पाहते," माधवी म्हणाली.

आर्वी नाक्याजवळच्या त्या कंपनीत कालव्यांचे आणि रस्त्यांचे नकाशे तयार होत. नकाशे काढणारी माणसं एकतीस, पण सॉफ्टवेअरचं लायसन्स एका वेळी वीस जणांचंच. एकविसावा उघडायला गेला की पडद्यावर पाटी यायची, जागा शिल्लक नाही. आत कोण बसलं, कोण बाहेर पडलं, याची यादी माधवीसमोर असे. तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या खोलीत ती दिवसभर एकटी बसायची. काही अडलं तरच कोणाला तिची आठवण व्हायची. एकतीसही जणांच्या येण्याजाण्याच्या वेळा तिला पाठ होत्या. चेहरे मात्र निम्म्यांचे नीट आठवत नसत.

हरिदास वानखेडे हे नाव यादीत दहापासून होतं. तासाभरात त्यांचा माउससुद्धा हलला नव्हता. कालही तसंच. गेले दोन महिने तसंच.

ती जिना चढून वर गेली. हरिदासकाका हॉलच्या पार टोकाला, बंद पडलेल्या छपाई यंत्राच्या आड बसत. समोर एका कालव्याचा नकाशा उघडा होता, कधीचाच पुरा झालेला. दोन्ही हात टेबलावर ठेवून ते शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते.

"काका, काही काम सुरू आहे का?"

"नाई." त्यांनी लपवलं नाही. "दिवाळीपासून मले कामच नाई. नवे पोरं भराभर करतेत. साहेब म्हणले, असलं का सांगतो."

"मग उघडून काऊन ठेवता? बाकीच्यांले जागा भेटत नाई."

"माईत आहे मले."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"जागा संपली का कोणी ना कोणी येते इकडं," ते म्हणाले. "काका, निघता का, म्हणते. मी म्हणतो, घे बाप्पा. मंग दोन शब्द होतेत. काल रुपेश आलता. हिंगणीचा आहे म्हणे. त्याच्या आज्याले मी ओयखतो. पाच मिनिटं उभा होता." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "नाई तं इथवर कोण येते?"

आणि त्यांनी लगेच नकाशा बंद केला. "सांगा प्रेरणाले. झाली म्हणा जागा."

माधवीला काहीतरी बोलायचं होतं. पण प्रेरणा पलीकडून मान उंचावून पाहत होती. माधवी तशीच जिना उतरून खाली आली.

दुपारी कंपनीचे व्यवस्थापक विवेक सरांनी बोलावलं. "रोजची कटकट झाली आहे ही. वीस मिनिटं जो काही करणार नाही, त्याला सिस्टीमनंच बाहेर काढायचं. सोमवारपासून लावून टाका."

"सर, एकदा बोलून पाहिलं तर? हरिदासकाकांना कामच नाही, म्हणून ते..."

"काम नाही, तर लायसन्स कशाला अडवायचं?"

सरांचं बोलणं खोटं नव्हतंच. खाली येऊन तिनं एका चौकटीत वीस हा आकडा लिहिला आणि बटण दाबलं. काम एवढंच होतं.

सोमवारी एकही तक्रार आली नाही. वरच्या मजल्यावर कोणाला कोणाकडे जावं लागलं नाही. ज्याला हवी त्याला जागा मिळत गेली. माधवीचा फोन सकाळपासून गप्प होता. ती यादी पाहत बसली. दहा वीसला हरिदास वानखेडे हे नाव गेलं. पाच मिनिटांनी परत आलं. वीस मिनिटांनी पुन्हा गेलं. पुन्हा आलं. एक वाजेपर्यंत ते सात वेळा गेलं.

दीड वाजता फोन वाजला.

"मॅडम, वानखेडे बोलून राह्यलो. दर वीस मिनिटांनी माह्यं नाव निघून राह्यलं का तिकडून?"

"हो, काका."

"सकाळपासून कोणी आलंबी नाई मांगाले. कोण काढून राह्यलं?"

आपोआप निघतं, हे शब्द माधवीच्या ओठांवर आले होते. कोणी काढत नाही, काका. कोणीच नाही.

"मी काढते," ती म्हणाली. "इथं बसून."

"पाहून काढता?"

"पाहूनच काढते."

फोनवर पंख्याची घरघर येत होती.

"मंग काढाच्या आधी एक फोन करत जा न," काका म्हणाले. "मी सोताच उठतो. असं मधातच काढलं का बरं नाई वाटत."

"करत जाईन, काका."

मंगळवारी सकाळी दहा वाजता ते नाव यादीत आलं. माधवीनं चहा बाजूला ठेवला. दहा वाजून अठरा मिनिटांनी तिनं फोन लावला. पहिली घंटी पुरती वाजायच्या आत तिकडून उचलला गेला.

"बोला, मॅडम," हरिदासकाका म्हणाले. "अजून दोन मिनिटं आहेत."