दाढेची जागा

दाढ काढलेल्या जागी हिरडी आता पूर्ण भरून आली होती. गुलाबी, घट्ट, कडेलासुद्धा लाली नाही. तिने टॉर्च तिरपा धरून पुन्हा पाहिलं. थोडी सूज सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"सापडला का खजिना?" बाबांनी आ वासूनच विचारलं.

"मिटा आता."

ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बाबांच्या रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरात कुठेतरी दाह चालू असल्याची खूण, पहिल्यांदा वाढलेला आला, तेव्हा ती म्हणाली, सर्दी आहे. सर्दी गेली, आकडा राहिला. मग तिने दाढेवर खापर फोडलं. दाढ किडकी होती, पण ठणकत नव्हती. दातांचे डॉक्टर म्हणाले, भरली तर वाचेल. "काढूनच टाका," असं तीच म्हणाली होती. बाबांनी लगेच आ वासला होता. लेकीचा शब्द त्यांना काळ्या दगडावरची रेघ.

आज दुपारी तिने त्यांचं रक्त पुन्हा मशीनला लावलं. आकडा जागचा हलला नव्हता. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही असा दाह बिनबोभाट चालू असू शकतो, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तेवढी एक जागा सोडून तिने सगळीकडे शोधलं होतं.

बाबा खाली बसून बूट पुसू लागले. उद्या मित्रांबरोबर डोंगर चढायचा होता.

"आमच्यातला मास्तर मला म्हातारा म्हणतो. म्हटलं, माझं कोलेस्टेरॉल तरण्या पोरासारखं आहे, विचार माझ्या लेकीला. उद्या बघूच कोण धापा टाकतं ते."

"तुम्हाला धाप लागते?"

"जिन्यात, थोडी. वय झालं की गं." त्यांनी जिभेने ती रिकामी जागा चाचपली. "आता या बाजूने चावता मात्र येत नाही. तुझ्या मशीनने दाढ खाल्ली माझी. पोट भरलं ना त्याचं?"

टॉर्च तिच्या हातात अजून चालूच होता. तो बंद करून ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. त्यांच्या हातातला बूट काढून बाजूला ठेवला.

"नाही भरलं, बाबा. दाढेचा काही दोष नव्हता. उद्या डोंगर नाही. आपण हृदयाच्या डॉक्टरांकडे जातोय."