दुसरी डिस्क

"डिस्क घालायला जागाच नाही म्हणजे काय?" थोरला काउंटरवर हात आपटत ओरडला. "मुलीसाठी गेमचं नवंकोरं मशीन घेतलं, आणि त्याला साधी फट ठेवायची अक्कल नाही कुणाला!"

"आता कुठल्याच मशीनला नसते, साहेब," दुकानवाली म्हणाली. तिला असल्या ओरडण्याची सवय होती. "सगळे गेम कार्डावर येतात." तिने नखाएवढं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. "तुमची जुनी डिस्क यावर उतरवून देते. बसा."

"चांगली चाललेली वस्तू मोडीत काढायची आणि वर बसा म्हणायचं!"

थोरला बसला नाही. त्याची आई मात्र स्टुलावर टेकली. गेले आठ दिवस तिने एकच विषय लावून धरला होता, आणि इथेही ती तो सोडणार नव्हती.

थोरल्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं, वडिलांनी थाटलेलं. वडील गेल्यापासून त्याला एकट्याला काम उरकत नव्हतं. धाकट्या भावाला हाताशी घे, असं आईचं म्हणणं. धाकट्याचा हात कानशीवर असा बसलेला, की किल्ली एका फटक्यात कुलपात फिरे. पण सगळं आयुष्य तो दुसऱ्यांच्याच दुकानांत राबला. आता त्याला फार लांबच्या शहरात कायमची नोकरी चालून आली होती. पाच वाजेपर्यंत त्याला होकार कळवायचा होता. थोरला नुसता 'ये' म्हणाला असता, तरी तो जाणार नव्हता.

"साडेचार वाजले," आई म्हणाली.

"घड्याळ माझ्याकडेही आहे."

"मग एक फोन कर. तो गेला तर परत यायचा नाही, आणि मी काही शंभर वर्षं जगणार नाही."

"आपल्या धंद्यात लोक विश्वासाने घराची किल्ली हातात देतात, आई. तिथे चोराला बसवू?"

"नऊ वर्षांचा होता रे तो!"

दुकानवालीने डिस्क पुसून उजेडात धरली. "यावर नाव, चित्र काहीच नाही."

"स्वस्तातला माल. बाबांनी जुन्या बाजारातून आणला होता. सोबत माहितीचं पुस्तकसुद्धा नव्हतं." थोरला थांबला, पण राग थांबेना. "आणि हा अर्धाच गेम आहे, ताई. अर्धाच उतरेल. दुसरी डिस्क माझ्या सख्ख्या भावाने लांबवली."

"बघते," म्हणून तिने डिस्क जुन्या यंत्रात सरकवली.

एकदा डोक्यात राख घातली, की समोर कोण ऐकतंय हे थोरला बघत नसे. चौदा वर्षांचा असताना महिनाभर खपून त्याने गेममधलं जहाज बेटाच्या दरवाज्यापर्यंत नेलं होतं. तिथे पडद्यावर डिस्कचं चित्र आलं आणि शेजारी दोनचा आकडा. खोक्यात तर एकच डिस्क. खोकं फोडलं होतं धाकट्याने, थोरला शाळेत असताना. मग आणखी पुरावा कशाला हवा?

"दोन दिवस नाही-नाही म्हणत राहिला," थोरला सांगत होता. "तिसऱ्या दिवशी मी त्याला माळ्यावर कोंडला. पट्ट्याने चांगला फोडून काढला आणि कोंडला. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा झाला सरळ. मीच घेतली, गटारात टाकली, म्हणाला. बाबांसमोर म्हणाला!"

वडील शिस्तीचे कडक. त्या दिवसानंतर त्यांनी धाकट्याला दुकानाची पायरी चढू दिली नाही.

"तेवढ्यावरून जन्मभर शिक्षा," आई म्हणाली. "दगड आहेस तू, दगड! तुझ्या बापानं चूक केली आणि तू ती गिरवतोयस."

"तुला फोनच हवाय ना? घे."

त्याने नंबर लावला आणि फोन मुद्दाम मोठ्या आवाजावर टाकला.

"दादा?" धाकटा लगेच म्हणाला. फोन हातातच घेऊन बसला असावा.

"ती नोकरी घे. इथे तुला जागा नाही."

"अजून त्या डिस्कवरूनच का, दादा?"

"कबूल कुणी केलं होतं? मी?"

"नाही. मीच केलं होतं," धाकटा म्हणाला. "आता त्यावर बोलून काय उपयोग? तिकडे कळवतो मी. आजच्याच गाडीने निघेन. आईला जप."

फोन बंद झाला. आईने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. थोरल्याला वाटलं, बरं झालं, एकदाचा तुकडा पडला.

यंत्राची घरघर थांबली. दुकानवालीने डिस्क बाहेर काढली. थोरल्याने कार्डासाठी हात पुढे केला.

"थांबा, अजून उतरवायचंय."

"काय उतरवायचंय? अर्धाच आहे म्हणून सांगितलं ना तुम्हाला! मराठी कळतं की नाही?"

तिने डिस्क हातात पालथी केली, पुन्हा यंत्रात ढकलली, आणि घरघर सुरू झाली.

"ही दोन्ही बाजूंनी भरलेली असते, साहेब. म्हणून तर हिच्यावर काही छापत नाहीत. दोनचा आकडा आला की काढून उलटी घालायची. दुसरी डिस्क नसतेच या गेमला."

आईने तोंडावरचा पदर काढला.

"मग माझ्या लेकरानं गटारात काय टाकलं होतं रे?"