पाण्याची खूण

साहेबांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले, आणि तिथंच रंभाबाईचा घात झाला.

गल्लीतल्या बाकी सगळ्या घरांत ते बुटांसकट शिरले होते. शिरणारच! शेजारच्या बजाबाईकडं तर घोटाभर गाळ अजून तसाच होता. रंभाबाईची फरशी मात्र अशी, की भात सांडला तर उचलून खावा. नाल्याच्या पाण्यानं गल्ली तीन दिवस बुडवली, चौथ्या दिवशी ते ओसरलं, आणि घट बसायला उरले दोन दिवस. घट बसायच्या आत घरातली चिंधीसुद्धा धुऊन काढायची, ही रीत. मग पूर येवो नाहीतर आभाळ कोसळो! सासूसुनेनं पदर खोचले. गाळ उपसला, कुजलेल्या गाद्या आणि मोड आलेले गहू घंटागाडीत टाकले, भिंती घासल्या, वर चुन्याचा हात मारला. कोपऱ्यात घट बसला, दिवा लागला, तेव्हा कुठं बाईचा जीव भांड्यात पडला होता.

"पाणी कुठवर आलं होतं, मावशी?" पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी मोबाईल वर धरत विचारलं.

"हितवर." रंभाबाईनं छातीला हात लावला.

साहेबांनी भिंत खालपासून वरपर्यंत न्याहाळली. पांढरीशुभ्र.

"खूण कुठाय पाण्याची?"

"ती व्हय? लई घासली बगा, तवा निघाली." अजूनही तिच्या आवाजात अभिमानच होता.

साहेबांनी मोबाईल खाली घेतला. "अहो, मग मी फोटो कशाचा काढू? खूण नाही, गाळ नाही. फोटोत नुकसान दिसल्याशिवाय हे पुढं सरकतच नाही." माणूस वाईट नव्हता. त्याचाही चेहरा पडला होता.

सून वैजयंती पुढं झाली. "साहेब, मशीन तरी बगा. तीन दिवस पान्यात हुती."

टॉवेलच्या कडा शिवायची ती मशीन. घर आता तिच्यावरच होतं. कारण रंभाबाईचा मुलगा युवराज अक्कलकोट रोडला ज्या कारखान्यात होता, तिथं यंत्रमाग पाण्यात गेले आणि मालकानं दिवाळीपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं. मशीनची मोटर तर जळालेली. भरपाईच्या यादीत नाव लागलं तर मोटर बसेल. नाही लागलं, तर युवराजनं बायकोला आणि आईला मागं टाकून पुण्याला वॉचमनकी करायला जायचं, असं घरात ठरलं होतं. पण त्या शहाण्यानं मशीन सगळी पुसून, तेल देऊन ठेवलेली. लखलखत होती.

"ही तर आत्ताच दुकानातून आणल्यासारखी दिसते हो," साहेब म्हणाले. "बरं, असं करा. मी मागची गल्ली करून येतो. पाणी असतानाचा एखादा फोटो असला तर शोधून ठेवा."

फोटो कुठला! युवराजचा मोबाईलच पाण्यात गेलेला.

साहेब वळले तशी बजाबाई दारातून आत डोकावली. "घाई कुनी करायला सांगितली हुती गं तुला? आता बस! न्हायतर माझ्याकडनं ने घमेलंभर चिखल आन् मार भितीला. हितं काय चिखलाला तोटा हाय का?"

"घट बसलाय घरात, बजा! देवीम्होरं चिखल फासू व्हय?" रंभाबाई अंगावर ओरडली.

बजाबाई गेली. रंभाबाईनं सुनेकडं पाहिलं. वैजयंती मशीनच्या चाकावर हात ठेवून नुसती उभी होती.

रंभाबाई उठली. शेजारून दोन घमेली चिखल आणला. घटापुढं उभं राहून तिनं हात जोडले. "आई, एवढ्या बारीला डोळं झाक गं." मग चिखलात हात घातला आणि त्या पांढऱ्या भिंतीवर ठेवला. ठेवताना तिला रडूच फुटलं. भिंतीकडं बघायचं धाडस होईना. ती घटाकडं बघत राहिली आणि हात चालवत राहिली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, छातीच्या उंचीपर्यंत.

साहेब आले. मोबाईल वर धरला. बराच वेळ धरून राहिले.

"मावशी," ते म्हणाले, "हे तर सारवलंय तुम्ही."

तेव्हा तिनं भिंतीकडं पाहिलं. करमाळ्याकडच्या मातीच्या घरात अर्धा जन्म सारवण्यात गेलेला. हातांना दुसरं येत होतं कुठं? एकाशेजारी एक अर्धगोल फिरलेले, त्यांत बोटांच्या रेघा सारख्या, वरची कड दोरी धरल्यासारखी सरळ. खाली फरशीवर एक थेंब सांडलेला नाही.

"पूर असा सारवून जात नाही हो," साहेब हळू आवाजात बोलले. आणि ते पुढच्या घराकडं निघाले.

वैजयंतीनं बादली भरून आणली, फडकं पिळलं आणि भिंतीपाशी बसली. रंभाबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "आभाळ बग की कसं आलंय. पानी परत येतंयच. त्येलाच धुवू दे."