मायाळू कुत्रं

बेचाळीसच्या चळवळीत कडेगावचे लालासाहेब भूमिगत झाले. घरी बायको विजयमाला आणि दोन लहान पोरं. राखणीला कुत्रं बघायला ती धनगराकडं गेली.

"वैनी, ह्यो काळा न्या. परक्याला दारात उभा करत न्हाई."

"नगं, पोरांना चावंल. मायाळू द्या."

तिनं आणलेलं तांबडं कुत्रं पोरांत रमलं. सणाला चोरून घरी आलेल्या लालासाहेबांनाही त्यानं दोन दिवसांत जीव लावला.

मग एका सकाळी पोलीस आले, तसे लालासाहेब मागच्या दारानं निसटले. विजयमाला बोलेना. धाकट्या पोरीनंसुद्धा ओठ घट्ट मिटून घेतले. फौजदारानं अंगणात बांधलेल्या कुत्र्याकडं नजर फिरवली आणि शिपायाला म्हणाला, "ते कुत्रं सोड."



शेपूट हलवत ते थेट उसाच्या फडात शिरलं.